मधला एक तास

फिनलंडमधल्या औलू शहरातून उत्तरेला निघालं की बोथनियाच्या आखाताच्या कडेकडेने सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर तोर्नियो लागतं. फिनलंडचं सीमेवरचं गाव, वस्ती वीस-एकवीस हजारांची. ते जिथे संपतं तिथेच लगोलग हापारांडा सुरू होतं, आणि ते स्वीडनमध्ये आहे. त्याची वस्ती याच्या निम्म्याहूनही कमी. मध्ये शिक्का मारणारी खिडकी नाही, पासपोर्ट मागणारं कुणी नाही. सीमेलगतच्या मॉलमधून बाहेर पडून फोनवर बोलत बोलत थोडं चाललं तरी देश बदलतो. युरोचे क्रोना होतात, पाट्यांवर स्वीडिश वर चढते आणि फिनिश खाली येते, आणि मोबाइलमधलं घड्याळ आपलं आपण एक तास मागे सरकतं.

औलूत नोकरीला आलेल्या आम्हा भारतीय मंडळींची या जोडगावांशी पहिली ओळख आयकियामुळे व्हायची. २००६ साली हापारांडात आयकिया आलं आणि गादी, पडदे, पोळपाटाच्या जागी चालून जाईल अशी एखादी लाकडी फळी, असल्या खरेदीसाठी लोक शनिवारी गाड्या काढून देश ओलांडू लागले. मीही तसाच गेलो. पुढे घर भरलं तरी जाणं सुटलं नाही, कारण तो एक तास डोक्यातून जाईना. मुंबई आणि लंडनच्या घड्याळांत फरक असतो हे पटतं. मध्ये खंड आहेत, समुद्र आहेत. पण एका गावातल्या स्वयंपाकघरातून दुसऱ्या गावातले दिवे दिसतात, तिथे अख्खा तास मावतो कुठे?

शाळेत शिकवलं होतं की पंधरा रेखांशांना एक तास. या हिशोबाने दोन्ही गावांच्या मध्यवस्तीत सूर्य डोक्यावर यायला जेमतेम पाच-दहा सेकंदांचा फरक पडेल. बरं, दोघांपैकी कुणाचं घड्याळ सूर्याला धरून आहे म्हणावं, तर तसंही नाही. हिवाळी वेळेत इथला सूर्य मध्यावर येतो तेव्हा हापारांडात साधारण अकरा वाजून तेवीस मिनिटं झालेली असतात आणि तोर्नियोत बारा वाजून तेवीस. खरे बारा या दोन आकड्यांच्या अधेमधे कुठेतरी लटकलेले. तोर्नियोचं घड्याळ सूर्याच्या थोडं जवळ आहे, एवढंच. उन्हाळ्यात दोघंही काटे एक तास पुढे ढकलतात, मग हापारांडाचं घड्याळ सूर्याच्या थोडं जवळ येतं आणि तोर्नियोचं आणखी दूर जातं. युरोपभर हा बदल एकाच क्षणी होतो, त्यामुळे मधला तास वर्षभर जसाच्या तसा राहतो.

म्हणजे या तासाचा आकाशाशी संबंध नाही. हापारांडाचं घड्याळ स्टॉकहोमकडे तोंड करून बसलंय आणि तोर्नियोचं हेलसिंकीकडे. दोन्ही राजधान्या दक्षिणेला शेकडो किलोमीटर लांब, आणि दोघींनाही उत्तरेतली ही गावं क्वचितच आठवतात. स्वीडिश भाषेत ‘ईस्टाडपासून हापारांडापर्यंत’ म्हणतात, आपण काश्मीर ते कन्याकुमारी म्हणतो तसं. आख्ख्या देशाच्या तोंडी गावाचं नाव आहे, पण केवळ टोक म्हणून.

मुळात हापारांडा हे गाव रुसव्यातून जन्मलं. तोर्नियो जुनं, १६२१ सालचं, स्वीडनच्या राजाने वसवलेलं, कारण तेव्हा फिनलंड स्वीडनचाच भाग होता. १८०९ मध्ये स्वीडन युद्ध हरला आणि फिनलंड रशियाच्या झारकडे गेला. सीमा ठरली तोर्ने नदीच्या पात्राची. पण तोर्नियो गाव एका बेटावर आहे, आणि हे बेट पश्चिमेच्या, म्हणजे स्वीडिश काठाला जवळजवळ चिकटलेलं. नदीचा खोल प्रवाह पूर्वेकडून जातो, म्हणजे साध्या न्यायाने गाव स्वीडनला मिळायला हवं होतं. झारला मात्र भरभराटीची ही बाजारपेठ हवी होती. मग सीमारेषेने नदी सोडली, बेटाला पश्चिमेकडून वळसा घातला आणि एका उथळ, दलदलीच्या ओहोळातून ती पुढे गेली. गाव हातचं गेलं म्हणून स्वीडनने समोरच, अगदी नाकासमोर, १८२१ मध्ये नवी पेठ वसवली आणि १८४२ मध्ये तिला शहराचा दर्जा दिला. आज त्या ओहोळाचं पाणीही फारसं उरलेलं नाही. म्हणून तर दोन देशांमधून पूल न ओलांडता चालत जाता येतं.

दोन्ही गावांत फिरताना हा इतिहास आपोआप कळतो. तोर्नियो दाटीवाटीचं आहे, बेटाच्या मापाने वाढलेलं. मधोमध १६८६ सालचं लाकडी चर्च, निमुळत्या मनोऱ्याचं, आतून रंगवलेलं. गावाबाहेर स्टेनलेस स्टीलचा अवाढव्य कारखाना. संध्याकाळी बारमध्ये कॅरिओकी चालू असतं आणि एरवी तोंडातून शब्द न काढणारी माणसं डोळे मिटून दर्दभरी गाणी म्हणत असतात. हापारांडाचे रस्ते रुंद, सरळ, वस्तीच्या मानाने फारच मोठे. सरकारने आखून दिलेलं गाव ते. १९०० सालचं देखणं हॉटेल आहे, आणि एखाद्या राजधानीला शोभेल असं रेल्वे स्टेशन. बहुतेक वेळा फलाटावर कुणीच नसतं. जुनं चर्च १९६३ मध्ये जळालं, त्याच्या जागी तांब्याच्या पत्र्याने मढवलेलं एक काळपट, उंच, कारखान्यासारखं चर्च उभं राहिलं. स्वीडनमधली सर्वांत कुरूप इमारत अशी त्याची ख्याती आहे. मला ते आवडतं. त्या सपाट, बर्फाळ मुलखात ते कुणाला खूश करायला उभं आहे असं वाटत नाही.

स्टेशन एवढं मोठं का, याचं उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. जर्मनीने मधला सगळा रस्ता अडवला होता, आणि रशिया व त्याच्या पश्चिमेकडच्या मित्रांमध्ये जमिनीवरून जाणारी एकच वाट उरली होती, ती इथून. टपालाच्या राशी, हेर, चोरटे व्यापारी, अदलाबदलीत सुटलेले हजारो जखमी युद्धकैदी, सगळे या दोन गावांमधून गेले. एप्रिल १९१७ मध्ये लेनिनही इथूनच बर्फगाडीत बसून तोर्नियोला आला आणि पुढे पेट्रोग्राडला गेला. काही वर्षं हापारांडा जगाच्या मध्यावर होतं. मग युद्ध संपलं आणि गाव पुन्हा टोकाला जाऊन बसलं. रेल्वेचा पूल १९१९ मध्ये पुरा झाला, तोवर गर्दी ओसरली होती. त्या पुलावर चार रूळ आहेत, कारण स्वीडनचा रेल्वेमार्ग १४३५ मिलिमीटर रुंद आणि फिनलंडचा रशियन मापाचा, १५२४ मिलिमीटर. (आता फिनलंड नाटोत गेल्यावर ही रुंदी बदलायच्या गोष्टी चालू झाल्या आहेत. घड्याळाचं कुणी बोलत नाही.)

लेनिन सीमा ओलांडून आला तेव्हा त्याच्या घड्याळात एक तासाचा फरक पडायचं कारण नव्हतं. फरक होता सुमारे चाळीस मिनिटांचा. स्वीडनने १८७९ मध्येच देशभर एक वेळ लागू केली होती, असं करणाऱ्या पहिल्या काही देशांपैकी तो एक. ती ग्रिनिचच्या एक तास चौदा सेकंद पुढे होती. १९०० मध्ये ते चौदा सेकंदही काढून टाकले. फिनलंड हेलसिंकीच्या वेळेवर चालायचा, ग्रिनिचच्या पुढे एक तास, ३९ मिनिटं, ४९ सेकंद. मे १९२१ मध्ये फिनलंडने ही मिनिटं-सेकंदांची कटकट टाकून सरळ दोन तास धरले, आणि तेव्हापासून दोन गावांमध्ये नीटनेटका एक तास आला.

हा ३९चा आकडा वाचला आणि मी खुर्चीत ताठ बसलो, कारण तो आपल्या ओळखीचा आहे. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, आणि जुना ‘बॉम्बे टाइम’ चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. मधलं अंतर ३९ मिनिटं! १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली तेव्हा मुंबई बिथरली होती. आपल्या डोक्यावरचा सूर्य सोडून सरकारने ठरवलेल्या रेखांशाचं का ऐकायचं, असा रोकडा सवाल होता. त्या जानेवारीत गिरणी कामगार नव्या वेळेविरुद्ध रस्त्यावर उतरले, कारण त्यांना एवढंच दिसत होतं की भोंगा आता अंधारात वाजणार. महापालिकेने तर आपला बॉम्बे टाइम १९५५ पर्यंत सोडला नाही. म्हणजे जवळपास अर्धं शतक एकाच शहरात, कुठलीही नदी किंवा सीमा मध्ये नसताना, दोन वेळा नांदल्या. बोरीबंदरहून सुटणाऱ्या गाडीची वेळ वेगळी आणि पालिकेच्या कचेरीची वेगळी. तेव्हाचे मुंबईकर तोर्नियोत आले असते तर त्यांना मुळीच नवल वाटलं नसतं.

तोर्नियोकरांनाही वाटत नाही. माझी एक सहकारी मूळची तिथली. तिला मी या तासाबद्दल विचारलं की ती अशी बघते, जणू मी जिन्याला पायऱ्या का असतात असं विचारतोय. वेळ सांगताना पुढे ‘फिनलंडची’ किंवा ‘स्वीडनची’ जोडायचं, संपलं. दाताच्या डॉक्टरची वेळ, सायकल दुरुस्तीची, मुलाच्या आइस हॉकीची, प्रत्येक वेळेला देश असतो. नदीकाठच्या घरांत मोबाइलचं घड्याळ दिवसातून कितीदा उड्या मारेल याचा नेम नाही, कारण कधी या देशाचा टॉवर पकडतो, कधी त्या. म्हणून शहाणी माणसं आपोआप वेळ बदलायची सोय बंद करून ठेवतात.

तिचा मामा हापारांडात राहतो आणि तोर्नियोच्या कारखान्यात काम करतो. असे बरेच आहेत. पाळी फिनलंडच्या सहाला लागते, म्हणजे त्याच्या घराच्या घड्याळात तेव्हा पाचच वाजलेले असतात. मुलांची शाळा मात्र स्वीडनच्या आठला. सकाळी हा माणूस झोपेचा एक तास देशाला देतो आणि दुपारी वसूल करतो: दोनला पाळी सुटते, आणि तो घरी पोचतो तेव्हा दीडही वाजलेला नसतो. मुलं यायच्या आत बर्फ ओढून होतो, सौना तापायला लागतो. उलट्या बाजूने जाणाऱ्यांचं गणित उलटं, तोर्नियोत राहून हापारांडात काम करणारा सकाळी निवांत आणि संध्याकाळी घाईत. मामाला वाटतं आपलाच सौदा चांगला. घरातलं भिंतीवरचं घड्याळ त्याने फिनलंडचंच ठेवलंय, बायकोने ओव्हनवरचं स्वीडनचं.

पोटाचंही तसंच. फिनिश माणूस दुपारचं जेवण अकराला उरकतो, कधी त्याच्याही आधी. हापारांडातली खानावळ स्वीडनच्या अकराला ताटं मांडते, तेव्हा तोर्नियोचा माणूस जेवून डुलकी काढायच्या बेतात असतो. शनिवारचा मामला सर्वांत रंगतदार. दोन्ही देशांत कडक दारू सरकारी दुकानातच मिळते. स्वीडनचं दुकान शनिवारी तीनला बंद होतं. तीन म्हणजे तोर्नियोत चार, आणि तिथलं सरकारी दुकान, आल्को, सहापर्यंत उघडं. पाहुणे अचानक आले किंवा बाटली आणायचं विसरलं तर दोन तास हातात असतात. उलट फिनिश लोक स्नूससाठी, ओठाखाली ठेवायच्या त्या तंबाखूच्या पुडीसाठी, हापारांडाला जातात, कारण युरोपीय संघात तिची विक्री फक्त स्वीडनमध्येच चालते. दोन देशांचे दोन मर्यादाशील कायदे, आणि त्यांच्या फटीतून माणसं आपल्याला हवं ते आणतात.

नववर्ष अर्थात दोनदा. आधी फिनलंडचे फटाके, मग गरम काहीतरी पीत तासभर गप्पा, मग स्वीडनचे. सीमेवर एक गोल्फचं मैदान आहे, काही भोकं या देशात आणि काही त्या देशात. एका जागी इकडून मारलेला चेंडू तिकडे पडतो, आणि तो हवेत तासभर होता हा विनोद इथला प्रत्येक माणूस पाहुण्याला सांगतोच. मलाही सांगितला गेला. हसलो.

खरी गंमत मला प्रकाशात वाटते. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात इथला दिवस तीन तासांचाही नसतो. हापारांडात दहाच्या सुमाराला सूर्य वर येतो आणि दुपारी एक वाजायच्या आत बुडतो. तोर्नियोत तोच सूर्य अकराला उगवून दोनच्या आत मावळतो. उगवला काय आणि मावळला काय, दोन्ही गावांत तो दिवस ऑफिसच्या खिडकीतूनच संपतो. जूनमध्ये उलट, काही दिवस सूर्य क्षितिजाला टेकल्यासारखा करतो आणि पुन्हा वर निघतो. १६९४ मध्ये स्वीडनचा अकरावा कार्ल राजा हे बघायला इथवर आला आणि तोर्नियोच्या चर्चच्या मनोऱ्यावर चढला. त्याने मध्यरात्रीचा सूर्य पाहिला तेव्हा कुणाच्या घड्याळात किती वाजले होते, हा प्रश्नच नव्हता, घड्याळ एकच होतं. आज तो आला असता तर सूर्य सर्वांत खाली स्वीडनच्या साडेबाराच्या आसपास दिसला असता आणि फिनलंडच्या दीडच्या. बारा म्हणजे मध्यरात्र, ही समजूत दोन्हीकडे खोटी.

याच मनोऱ्याशी आणखी मोठं काम बांधलेलं आहे. १७३६ मध्ये फ्रान्सहून मोपेर्त्युई नावाचा शास्त्रज्ञ आला. सोबत स्वीडनचा आंदेर्स सेल्सियस होता, ज्याच्या नावाने आपण तापमान मोजतो. प्रश्न असा होता की पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे की लांबट. उत्तर शोधायला तोर्ने नदीच्या खोऱ्यात, रेखांशाच्या एका ओळीवर, दक्षिणोत्तर एका अंशाची लांबी मोजायची होती. डोंगरमाथ्यांवर खुणा उभारून त्रिकोण आखले, गोठलेल्या नदीवर लाकडी दांड्यांनी आधाररेषा मोजली, आणि मोजमापाचं दक्षिणेचं टोक ठरलं तोर्नियोचं चर्च. पृथ्वी चपटी निघाली. पुढच्या शतकात स्ट्रूवे नावाच्या खगोलशास्त्रज्ञाने नॉर्वेपासून काळ्या समुद्रापर्यंत जी मोजणी केली, तिचा एक बिंदू इथल्याच अलातोर्नियोच्या चर्चात आहे. २००५ पासून तो जागतिक वारशात गणला जातो. एकाच रेखांशावर असलेल्या गावांची दुपार एकाच वेळी होते, या साध्या गोष्टीवर ज्या नदीत एवढं विज्ञान उभं राहिलं, तिथेच आज दोन दुपारी होतात. भूगोलाच्या मास्तरांनी काय करावं?

वरच्या अंगाला पंधराएक किलोमीटरवर कुक्कोला नावाची खळाळती धार आहे. साडेतीन किलोमीटर पाणी नुसतं आपटत, फेसाळत जातं. दोन्ही काठांना गावं, दोन्हींचं नाव कुक्कोलाच. उन्हाळ्यात सीइका मासा प्रवाहाविरुद्ध वर चढतो, तेव्हा लोक पाण्यात रोवलेल्या लाकडी फळ्यांच्या मचाणावर उभे राहून लांब दांड्याच्या जाळीने तो उपसतात. ही पद्धत शेकडो वर्षांची. मासे पकडायची पाळी लावलेली असते आणि घराघरांत वाटा ठरलेला असतो. मग काडीला टोचून, मीठ चोळून, विस्तवाभोवती उभा भाजायचा. मी खाल्लेल्या माशांत त्याचा नंबर बराच वर लागतो, आणि मी कोकणातला आहे. फिनिश काठावर बसून खाताना समोरच्या काठावरची माणसं दिसतात, त्यांचा धूर दिसतो. त्यांची बोलीही तीच. स्वीडनच्या बाजूला तिला मेएनकिएली म्हणतात आणि २००० सालापासून तिला अल्पसंख्य भाषा म्हणून मान्यता आहे. त्याआधी कित्येक पिढ्या तिथल्या शाळेत मुलांनी घरची भाषा बोलली तर बोलणी खावी लागत. १८०९ च्या रेषेने तिकडच्यांना अशा देशात ठेवलं जिथे त्यांची भाषा परकी ठरली. घड्याळाचा एक तास त्यामानाने फारच मऊ वागला.

२०२० च्या मार्चनंतर मात्र रेषा दिसायला लागली. फिनलंडने सीमा बंद केली आणि दोन गावांच्या मधल्या चौकात चक्क कुंपण उभं राहिलं. कामाला जाणाऱ्यांना सोडत, भेटायला जाणाऱ्यांना नाही. कुंपणाच्या दोन बाजूंना खुर्च्या टाकून लोक आईवडिलांशी बोलत बसले. दोन्ही गावांचं सांडपाणी तेव्हाही एकाच केंद्रात शुद्ध होत होतं, त्याला कुणी कागद मागितला नाही. सहकारी सांगते, मामाच्या घरी त्या काळात कुणी ‘फिनलंडचे’ किंवा ‘स्वीडनचे’ म्हणायचं विसरलं तरी अडत नसे, कारण कुठे जायचंच नव्हतं. तो तास नकोसा झालेला काळ तेवढाच, असं तिचं म्हणणं.

आता तोच तास जाण्याची शक्यता आहे, निदान कागदावर. वर्षातून दोनदा काटे फिरवणं बंद करा, ही हाकाटी फिनलंडनेच उठवली, २०१७ मध्ये नागरिकांनी सह्या गोळा करून. २०१९ च्या मार्चमध्ये युरोपीय संसदेने होकारही दिला. पुढे सदस्य देशांचं एकमत होईना म्हणून तो बासनात आहे. पण समजा झालंच, आणि कायमची कुठली वेळ ठेवायची हे ज्याने त्याने ठरवायचं असलं, तर? स्वीडनने उन्हाळी वेळ धरली आणि फिनलंडने हिवाळी, तर दोघंही ग्रिनिचच्या दोन तास पुढे. मधला तास गायब. आणि नेमकं उलटं झालं, तर नदीत दोन तास. दोन्ही राजधान्या आपापल्या सोयीने ठरवतील. तोर्नियोला विचारायला येणार नाहीत.

मला तो तास राहावा असं वाटतं, आणि त्याला काही शास्त्रीय आधार नाही. सहकारीला मी हे सगळं एकदा जेवताना (फिनलंडच्या अकराला) समजावून सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, तास गेला तर हापारांडाकरांना शनिवारी आल्को गाठायला दोनाऐवजी तीन तास मिळतील. मामाला आधी कळवायला हवं.